शेऱ्याचा रकाना

एकतीस वर्षं मी वाचला रॉयवरहॉप्नचा पारा.
बंदरामागच्या उंचवट्यावर पांढरी लाकडी पेटी, फटीफटींची.
दिवसातून चारदा जायचं,
एका फेब्रुवारीत तर कमरेला दोर बांधून.
शिकवणाऱ्याने पहिल्याच दिवशी बजावलेलं:
दार उघडलंस की श्वास रोखायचा,
आधी दशांश वाचायचे, मग अंश.
माणसाची ऊब आगाऊ असते,
न विचारता पाऱ्यात शिरते.

मग यंत्राचा खांब आला. तो श्वासच घेत नाही.
पेटी राहिली. ह्योर्तुर तिच्यात
मेंढ्यांच्या कानांचे बिल्ले ठेवतो.

आता मीच थंड.
जूनमध्ये, मावळायचं नाव न घेणाऱ्या उन्हात,
पायात लोकरी मोज्यांचे दोन जोड.
भुवयांची टोकं विरळ, आवाज घोगरा,
आणि साधासा शब्द सुरू व्हायला
दोनदा किल्ली फिरवावी लागते.

रक्त हूसाविकला गेलं, कागद परत आला.
टीएसएच: अकरा पूर्णांक चार.
शेजारी लिहिलेलं, चारपर्यंत ठीक.
मी सुखावले, खोटं कशाला सांगू.
आकडा चढला म्हणजे ऊब आली,
जन्मभर एवढंच तर शिकलेले.

आउस्दिस डॉक्टरीण हसली नाही.
म्हणाली, हा आकडा तुझ्या गळ्याचा नाहीच.
मेंदूखालून कुणी हाका मारतंय, त्याचा आहे.
गळ्यातली ग्रंथी ओ देईना,
म्हणून हाक चढत चाललीय.
गळ्याचा स्वतःचा आकडा खालच्या ओळीत होता.
नऊ. मान खाली घालून बसलेला.

मला आई आठवली, धक्क्यावर उभी,
बाबांची होडी धुक्यात.
ती जितकी मोठ्याने, तितके ते लांब.

बुधवारपासून गोळी. उपाशीपोटी, पाण्याबरोबर,
आणि कॉफी तासाभराने.
तो तास! उत्तरेतल्या कुठल्याही रात्रीहून लांब.
सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त.
"आणि घरी ताप मोजत बसू नकोस,
काखेतल्या पाऱ्याला गळ्यातलं काय कळतंय."

मी मान हलवली.
दुसऱ्या दिवशी जुनी वही काढली.
वाऱ्याची दिशा, ढग, दृश्यमानता,
छापील रकाने सगळे कोरे;
मी फक्त तापमान भरते,
अंथरुणातून उठण्याआधी.
३५.८. ३५.९. ३५.७.
एकदा ३६.२, त्या दिवशी मी खिडक्या पुसल्या.
सवयीने अजून श्वास रोखते वाचताना,
मग माझं मलाच हसू येतं.
जी ऊब एकतीस वर्षं मोजमापातून हुसकून लावली
तिचाच आता पत्ता विचारत फिरतेय.

चौथ्या आठवड्यात, एका पहाटे, ३६.८.
पोचली म्हणायची हाक!
वही उघडली, आकडा लिहिला,
मग ध्यानात आलं.
ह्योर्तुर. झोपेतच त्याचा तो
भट्टीतून काढल्यासारखा हात
माझ्या दंडाभोवती, थर्मामीटरसकट.

नियम तो नियम.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
बाहेरची ऊब लागली. नोंद ग्राह्य नाही.

आकडा मात्र खोडला नाही.
गोळी घेतली.
कॉफीला तास होता.