तासाभराने या

नीमाजींच्या दुकानाची वेबसाइट मीच बांधली.
लसूण शेव, लौंग शेव, उज्जैनी,
पाव किलोपासून पुढे.
आता त्यांना ते निळं बटण हवंय,
गिऱ्हाईक एका टिचकीत आत,
नाव, फोटो, वाढदिवस, मित्रांची यादी घेऊन.

शेव विकायला मित्रांची यादी कशाला?
गल्ल्यातले सुटे मोजत ते म्हणाले,
"देते हैं तो ले लो, मॅडम."

मी शिकले रामबागेत, बिडवई सरांच्या क्लासात.
जिन्याखाली चार कॉम्प्युटर, पाचवा बिघडलेला.
सर म्हणायचे, पान आवडलं ना,
मग उजवं बटण दाब, आतली शिवण बघ.
आणि दिसायचे की टाके,
कुणी बंद करायला विसरलेला टॅग,
कुणाची टीप: हे का चालतं माहीत नाही, हात लावू नये.
तिथूनच उचललं सगळं.
त्याला तेव्हा चोरी म्हणत नसत.

आता उजवं बटण दाबलं
तर चाळीस हजार अक्षरांची एकच ओळ,
श्वास न घेता पुटपुटलेली.
शहाण्या माणसाने मागच्या दाराने यावं.
त्या दाराला किल्ली, किल्ली साठ दिवसांत शिळी,
आणि दाराचा पत्ता बदलला की पत्र येतं, फार अदबीने,
की तुमचं जे नीट चाललं होतं
ते आम्ही निवृत्त केलं आहे.
माझा निम्मा पगार
दुसऱ्यांच्या घर बदलण्याचा आहे.

काल रात्री बटण तपासायला
माझ्याच नावाने आत गेले,
माझेच मित्र मागितले.
पंचवीस आले, खाली एक शब्द: पुढे.
पुन्हा पंचवीस. पुढे.
अनिरुद्ध पागनीस, ज्याच्याशी सात वर्षं अबोला,
त्याला सोळा आकडी क्रमांक.
आईलाही सोळाच.
पुढे. पुढे.
मग दार म्हणालं, फार विचारलंत.
तासाभराने या.

सव्वासहा. खाली कचऱ्याची गाडी,
तिचं ते रोजचं गाणं.
दोन डबे घेऊन उतरले.
रामकन्याने झाकण काढलं,
सुक्यातलं केळ्याचं साल दोन बोटांनी उचलून
ओल्यात टाकलं, माझ्याकडे न बघता.
मग बघितलं.
"सोई नहीं रात भर?"
आणि लगेच,
"ऊपर वाली माताजी का डब्बा तीन दिन से नहीं आया."

मोघे मावशी. माझ्या यादीत आहेत त्या,
बहुतेक आठव्या पानावर.
परवाच कुणाच्या तरी बारशाच्या फोटोला
त्यांचा अंगठा होता.

बेल वाजवली. बराच वेळ लागला.
मनगट सुजलेलं, ओढणीने बांधलेलं.
"डबा उचलवत नव्हता गं," म्हणाल्या,
"एवढ्यासाठी कुणाला सांगायचं."

मी लिहिलेल्या एकाही दारातून
न आलेलं काही येत नाही.
जे आहे ते येतं, पंचवीस पंचवीस करून.
जे आलं नाही त्याला रकाना नाही,
आणि तो कुठे जोडायचा
हे मला, खरंच, सुचत नाहीये.

एक्स-रे काढून परत आलो तेव्हा
तास केव्हाच उलटून गेला होता.
उरलेली पानं मागवली नाहीत.

नीमाजींना बटण लावून दिलंय.
ते फक्त नाव विचारतं.
त्यांच्या अजून लक्षात आलेलं नाही.