प्रतिवादी गैरहजर

अकोल्याची टीम आलीच नाही.
बडनेऱ्याला गाडी अडकली म्हणे. घाबरलीही असेल.
लॉ कॉलेजच्या हॉलात दोन टेबलं,
एक फायलींनी भरलेलं, एक रिकामं,
आणि वर पंखा असा की
खाडी, बंदर, समुद्रातले सुरुंग
सगळा नकाशा टाचणीखाली फडफडतोय.

उत्पला, माझी पोरगी, वादी राष्ट्र.
छोटंसं. चार ज्वालामुखी आणि कॉफी.
खरंही असंच झालं होतं, रात्री सांगत होती,
शहाऐंशी साली.
मोठा म्हणाला, तुमचं कोर्टच मानत नाही,
आणि उठून गेला.
निकाल लागला, छोट्याच्या बाजूनं लागला.
पैसे?
"बाबा, जेवा ना आधी."

तरी सिद्ध करावं लागतं.
समोर कोणी नसलं तरी न्यायाधीश म्हणतो, पटव.
आमच्या वाडीत नळावरच्या भांडणात
जो येत नाही तो हरला, विषय संपला.

रिटायर्ड जज्ज बोंदरे साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं.
"टेबल लय रिकामं दिसते. तुम्ही बसा न तिथं, काका."
मी? मी टर्नर.
अंबाझरीच्या फॅक्टरीत एकोणतीस वर्षं
तोफगोळ्याच्या कवचाला खाच पाडतो.
बसलो. खुर्ची एप्रिलनं तापलेली.

"माननीय न्यायालय,
प्रत्येक गोळी म्हणजे सशस्त्र हल्ला नव्हे.
सीमेवरची चकमक वेगळी.
व्याप्ती पाहा, परिणाम पाहा."
मग आवाज जरा खाली आणून,
"नुसती शस्त्रं पुरवणं हा बळाचा वापर ठरू शकतो,
सशस्त्र हल्ला नव्हे."
माझ्याकडे पाहिलं नाही तिनं.
पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

आमच्याकडे दोन गेज असतात.
एक आत गेलाच पाहिजे,
दुसरा आत जाता कामा नये.
मध्ये केसाएवढी जागा, तेवढ्यात माल पास.
कोर्टाकडेही असावं तसलं काही.
टेबलाखाली माझी बोटं आपोआप फिरत होती
जॉब मोजल्यासारखी.

"प्रतिवादीला काही म्हणायचं?"
पोरं हसली. मी उठलो, गुडघा वाजला.
म्हणायचं होतं, साहेब,
माल गेटाबाहेर पडला की कुठं जाते
ते गेटपासवर नसते.
म्हणालो, "नाही जी."

जिंकली. स्टीलचा कप,
प्रमाणपत्रावर उत्पलाचं उज्ज्वला झालेलं.
अमरावती रोडनं येताना स्कूटरवर मागून म्हणते,
"बाबा, बोलायचं होतं ना तुम्हाला काही?"
रवीनगर गेलं. भरतनगर गेलं.
"ते जुनं, सुरुंगांचं," मी म्हटलं, "त्यात किती मेले?"
"चव्वेचाळीस खलाशी."
"अन् तो देश म्हणे, आम्ही लावलेच नाही?"
"नसतील लावले. पण आपल्या पाण्यात सुरुंग आहेत
हे त्यांना माहीत नसेल,
असं होऊच शकत नाही, म्हणालं कोर्ट."

वाडीच्या नाक्यावर ट्रक आडवा होता.
दोघंही गप्प थांबलो.
सोमवारी पावणेसातचा भोंगा.