माती दाव

लाकूड कापलं की भुसा खाली पडायचा.
एवढी साधी गोष्ट
सांगायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.
सागाचा तांबूस, आंब्याचा फिकट, ओलसर,
बाभळीचा जरा हट्टी,
पण पडायचा. पायाशी ढीग व्हायचा.
सांजेला गंगव्वा पाटी घेऊन यायची,
चुलीला थोडा, म्हशीखाली थोडा.

हा पडत नाही.

पांढरी प्लास्टिकची पट्टी, साडेतीन इंची,
भिंतीच्या पायाला लावायची.
पातं फिरलं की पिठासारखं काही उडतं
आणि माणूस शोधत येतं.
हातावरच्या लवेला, भुवयांना, चष्म्याच्या आतल्या बाजूला,
पंख्याच्या पात्याला खालून.
खालून! खाली पडायचं असतं
हे कुणी शिकवलंच नाही याला.
कोरड्या फडक्यानं पुसावं तर वाढतं.
झटकावं तर एक गिरकी मारून
त्याच बाहीवर परत.
पहिल्या दिवशी ब्लोअर मारला.
मगदूम काकूंच्या देव्हाऱ्यापासून फ्रिजवरच्या फुलदाणीपर्यंत
सगळं एका रंगाचं झालं.
काकू काही बोलल्या नाहीत.
चहा मात्र आला नाही.

शामरावनगर. माघ.
स्वेटर काढताना तडतड ऐकू यावी अशी कोरडी हवा,
आणि पडद्याच्या दांडीला लागून पुराची रेघ.
दोनदा रंग दिलाय. तरी आहे.
त्या वर्षी इथल्या ट्रॉल्या भाकरीसारख्या फुगल्या होत्या.
माझ्याच हातच्या.
मीच उपसून काढल्या, मीच ट्रॅक्टरात टाकल्या,
दारं लागत नव्हती, उघडतही नव्हती.
काकू म्हणाल्या, आता असलं काही लाव
ज्याला पाणी कळतच नाही.

तर हे.

कपड्यांना वासासाठी घालतात ते औषध
पाण्यात कालवून फडकं फिरवलं. दीड तास चाललं.
कमी दातांचं पातं लावलं. कण जाड झाले,
कडा मात्र उंदरानं कुरतडल्यासारखी.
अंगणात नेलं तर वारा, आणि शेजारी कुरडया वाळत.
कुरडईवर हे दिसणार नाही, मला ठाऊक होतं.
तरी जाऊन सांगितलं.
शिव्या खाल्ल्या.

मग दस्तगीर उठला.
कुपवाडच्या सूतगिरणीत दोन वर्षं काढून आलेला,
बोलणं मोजकं.
तांब्याची उघडी तार घेतली,
व्हॅक्यूमच्या नळीला वेलासारखी गुंडाळत नेली,
दुसरं टोक अंगणातल्या बोअरच्या लोखंडी पाइपाला.
"उस्ताद, गिरणीत धागाबी असाच खुळ्यागत करतोय.
ह्येला माती दाव. गप हुतंय."

मागल्या मृगात त्याच्या अब्बांना माती दिली
तेव्हा तीन मुठी मीही टाकल्या होत्या.
शब्द तोच आला त्याच्या तोंडात.
त्याला जाणवलं की नाही,
मी विचारलं नाही. पट्टी पुढं सरकवली.

पातं फिरलं. नळीत सुस्स आवाज.
हातावरची उभी लव
हळूच आडवी झाली.
सगळा गेला असं नाही. थोडा येतोच.
पण चौथ्या पट्टीला काकूंनी
दारातून कप पुढं केले.

सांजेला गंगव्वाला म्हटलं, नेतीस का?
तिनं चिमूट घेतली, बोटांत चोळली, वास घेतला.
वासच नाही.
पाटी पालथी डोक्यावर घालून निघून गेली.

चार पोती आहेत दुकानात, तोंडं बांधून.
नदी इथून चालत वीस मिनिटं,
नदीला कधीकधी त्याहून कमी लागतात.
पावसाळ्याआधी काहीतरी बघू.

शर्टवर अजून थोडा आहे.
झटकत नाही आता.
घरात शिरण्याआधी
नळाच्या पाइपाला हात लावून
उभा राहतो जरा.