पाण्याला पत्ती नसते

शेपटी आली मंगळवारी,
नळाला पाणी गुरुवारी.
निळी-हिरवी, खवल्याखवल्यांची,
आत एकच रुंद पंजा, दोन्ही पायांना मिळून.
हारिकाने ती घरातच चढवली,
रिकाम्या पिंपाशेजारी फरशीवर आडवी झाली
आणि म्हणाली, अम्मा, झाले बघ मी.

तलावावर रेवणसिद्ध मास्तरांनी ती उलटी केली,
कारखान्यात टॉवेलची कड तपासतात तशी:
शिवण, पट्टा, टाच.
मग माझ्याच हातात दिली परत.
"घालायला कुणालाबी येतं ओ.
आधी काढायला शिकू दे."

पंधरा दिवस शेपटी पिशवीत.
हारिका नुसतेच पाय जुळवून
लाट सोडायची छातीतून, पोटातून,
आणि गुडघा वाकला की काठावरून आवाज:
"सायकल घरी ठेवून ये!"

सोळाव्या दिवशी, कमरेइतक्या पाण्यात
अंगठे टाचेमागे, ओढ, सुटली.
घाल परत.
अंगठे, टाच, सुटली.
डोळे मिटून. पाण्याखाली. उताणी.
चाळीस वेळा, घोटे लाल होईस्तोवर.
पोरीला मासोळी व्हायचं होतं
आणि हा माणूस तिला
पुन्हा पुन्हा दोन पाय देत होता.

मला पोहता येत नाही.
मला त्यांनी बांबू दिला आणि आकडे दिले.
मोबाईल पिशवीत, डोळे पाण्यावर.
ती खाली, मास्तर तिच्या बाजूला, मी काठावर मोजतेय.
पंधराला वर. ठरलेलं.

एकवीस वर्षं मागावर काढली मी.
तिथं धागा तुटला की पत्ती पडते,
माग आपला आपण थांबतो.
पाण्याला पत्ती नसते.
माणूस तुटतो तेव्हा आवाजसुद्धा होत नाही,
म्हणाले होते मास्तर, पहिल्याच दिवशी, चहा पिताना.

त्या रविवारी उथळ बाजूची पोरं ओरडली,
"ए मासोळी, दोन मिनिटं राहून दाखव की!"
तेरा. चौदा. पंधरा.
सोळा.
मास्तरांचा हात तिच्या दंडाकडे गेला
आणि माझा बांबू पाण्यावर
असा आदळला की पोरंही गप्प.

वर आली ती रागानेच.
"मी ठीक होते अम्मा!"
"ठीक होतीस," मास्तर म्हणाले,
"म्हणून तर बोलतीयस.
आज शेपटी आईकडं."

स्कूटरवर मागे बसून ती एक शब्द बोलली नाही.
अशोक चौकात सिग्नलला
माझ्या पायाशी ठेवलेल्या पिशवीतून पाणी गळत होतं,
शेजारचा रिक्षावाला वाकून बघत होता
पिशवीबाहेर आलेला पंजा.
विचारलं नाही त्यानं काही.

घरी क्लोरीन काढायला
दोन तांबे खर्च केले, चार दिवसांच्या पाण्यातले.
दोरीवर वाळत घातली
कड चुकलेल्या टॉवेलांच्या मधोमध.
ठिबकत राहिली.
मी खाली बादली सरकवली
आणि अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं,
थेंब मोजतेय.
पंधरापाशी दर वेळी
हात आपोआप उचलला जातोय.