नखाने

फ्रेमच्या कडेला पेनाने लिहिलेला आकडा
थिनरने केव्हाच पुसून नेलाय.
नऊ फ्रेमा भिंतीला टेकून, सगळ्या तेवढ्याच पिवळ्या;
सकाळी अक्कलकोट रोडच्या लॉजला
चारशे टॉवेल छापून द्यायचेत.

राजेशममामांना हाक मारली.
माग भंगारात गेल्यापासून ते आमच्याकडे शाई ढवळतात.
खिशातून पीक ग्लास निघाला,
पितळी, घडीचा, बिजागरीला दोरा गुंडाळलेला.
जाळीवर ठेवून, डोळा लावून
सुईच्या टोकाने एकेक तार मोजू लागले,
ओकटी, रेंडू, मूडू…
भाव मराठीत करतात,
मोजतात मात्र आईच्या भाषेत.

"सेंटीमीटरात त्रेचाळीस. घे, टॉवेलची."

तिसऱ्या फ्रेमनंतर ग्लास मिटला.
नुसतं नख ओढलं जाळीवरून:
खर्रर्र. "ही जाडी, पिशव्यांची."
सर्रर्र. "सत्त्याहत्तर असेल."
मी पट्टी लावून बघितलं. होती.

शेवटची नखाखाली जवळजवळ गप्पच राहिली.
ट्यूबलाइटसमोर धरली,
तर जाळीत धुऊनही न गेलेली
फिकट अक्षरं: चि. सौ. कां. पद्मजा राजेशम दासरी.

"एकशेवीस," मामा म्हणाले.
मग पुन्हा ग्लास उघडला
आणि ती एकच
पहिल्यापासून मोजायला घेतली.