छाट

पहिले दोन महिने दासरी सरांनी
मला हात उचलूच दिला नाही.
बंद पडलेला टॉवेलचा कारखाना,
माग भंगारात गेलेले, जमिनीतले बोल्ट तेवढे राहिलेले;
त्यातल्या दोन बोल्टांवर त्यांनी माझे पाय लावले,
डावा पुढे, उजवा मागे, टाच जराशी वर.
"एकोणीस वर्षं चाललीस,
उभी कुठं राहिलीस बे?"

पट्ट्या घरच्याच.
अप्पा कामावरून टॉवेलच्या किनारी आणायचे,
कापून टाकलेल्या, लांब, फिक्या गुलाबी.
मला त्या गुंडाळता यायच्या नाहीत,
अंगठ्याशी येऊन सुटायच्या.
एकदा आईनं मांडीवरचं सूप बाजूला सारलं,
माझा हात ओढून घेतला
आणि विडी वळावी तशी मूठ वळली.
इतकी घट्ट की नाडी कानात ऐकू आली.
"दोरा बांधू का?" म्हणाली.
पहाटे मी कुठं जाते, हे तोवर तिनं विचारलं नव्हतं.
नंतरही नाही.

मग डावा हात. फक्त डावा.
सर तेलुगूत मोजायचे, वकटी, रेंडू, मूडू,
आणि पुन्हा वकटी. चार कधी यायचंच नाही.
"धोटा बघितलीस ना? गेलेल्या वाटेनंच परत येतंय.
हात तिकडंच ठेवून काय बघूलालीस?"
धोटा मी पाहिलाय.
अप्पांच्या भुवईवर त्याची खूण आहे.
एकदा मागातून सुटून आला होता.
दिसलाच नाही, अप्पा म्हणतात,
डोळे आधीच मिटले होते.

एप्रिलात पत्रा तापला.
बॅगेतल्या चिंध्या खाली बसत गेल्या,
बुडाशी दगड, वरती पोकळ;
उंच पोरं पोकळीत मारायची,
मी दगडावर.
सलूनमधून आणलेल्या तडकलेल्या आरशात
एक मुलगी माझ्याआधी दमायची.

दिवाळीनंतर सरांनी माझ्याकडं हेल्मेट फेकलं.
आत दुसऱ्याच कुणाचा घाम,
हनुवटीच्या पट्ट्याला सेफ्टी पिन.
चार पिंपांना बांधलेल्या दोरीच्या आत
मेहजबीन बागवान, सोळा वर्षांची,
बापाबरोबर पेरूच्या पाट्या उतरवून आलेली.
मला वाटलं, हिला जपून मारायला हवं.

पहिला ठोसा लागला तेव्हा
राग आला नाही, दुखलंही नाही.
लाज वाटली,
भर वर्गात कुणी नाव चुकीचं पुकारल्यासारखी.
दुसरा कुठून आला कळलं नाही.
"डोळे!" सर ओरडले.
मिटलेत, हे मला ठाऊकच नव्हतं.
बोल्ट, धोटा, वकटी, रेंडू,
नऊ महिन्यांचं सगळं कुणीतरी झाडून नेलेलं.
तिसऱ्या फेरीत कधीतरी माझा डावा गेला,
तिच्या कपाळाला काहीतरी टेकलं,
मी लगेच म्हणाले, "सॉरी गं",
आणि त्या "गं"वरच तिनं मला पोटात दिला.

नंतर माझ्या ग्लोव्हची गाठ
तिनं दातांनी सोडवली.
"उद्या येनार ना, दीदी?"
तोंडात नाडी होती, म्हणून नीट ऐकू आलं नाही,
किंवा मला पुन्हा ऐकायचं होतं.

घरी आई हिशोबाला बसलेली.
आज चेकरनं दीडशे विड्या छाट काढलेल्या,
पान कुजकं म्हणून, तोंड ढिलं म्हणून,
काहीच कारण नाही म्हणून.
माझ्या नाकाकडं बघून म्हणाली,
"तुझे किती पास?"
"चाळीसेक मारले. सर म्हणाले, दोन."
हसली नाही.
"पहिल्या दिवशी माझी अख्खी टोपली परत आलेली.
नऊ वर्षांची होते."
मग तंबाखूच्या वासाच्या दोन बोटांनी
माझं नाक धरून इकडं तिकडं हलवून पाहिलं,
हाड जागेवर आहे का.

मी डोळे उघडे ठेवायला बघत होते.
पाणी आलं, आणि मिटलेच.