वायसर

अहवालाच्या शेवटच्या पानावर मी लिहिलं होतं :
काम पूर्ण.
खाली सही, तारीख, बिश्केकचा गोल शिक्का.

नारीनच्या वरच्या अंगाला, कारा-बुलुन गावात
फीत कापली त्या दिवशी मंत्रालयाची माणसं होती,
गोंडे लावलेला एक घोडा होता,
आणि नळाखाली धरलेली पहिली बादली.
तिच्यातलं पाणी कुणी प्यायलं नाही.
ते फोटोत गेलं.

चर खणत होतो तेव्हा तोक्तोसून मेंढपाळ
मातीच्या ढिगावर येऊन बसायचा.
किती खोल, म्हणाला.
एक मीटर वीस. नकाशात तसंच आहे.
तो म्हणाला, सुऊर दोन मीटरखाली झोपतो.
(सुऊर म्हणजे बिळातला गुबगुबीत जीव,
सहा महिने थंडी झोपून काढणारा.)
मी म्हणालो, सुऊरला निविदा भरावी लागत नाही, बाबा.
सगळे हसले.
विनोद बरा होता. अजून लाज वाटते.

जानेवारीत नळी तीन ठिकाणी फुटली.
दुरुस्तीची तरतूद नव्हती.
तरतूद होती संगमरवरी फलकाची;
त्याला आजतागायत तडा नाही.

नऊ वर्षांनी गेलो, दुसऱ्याच कामाला,
तर नळाला पाणी.

बुरुलकान, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली,
हिशेबाची वही काढून बसली.
घरटी तीस सोम. नसेल त्याने फावडं आणायचं.
दोन उन्हाळे लागले नळी खाली न्यायला,
सुऊरच्याही हातभर खाली.
चहाच्या डब्यात वायसर :
ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबमधून कातरलेले,
काही गोल, काही गोलासारखे.
किल्ली तिच्या गळ्यात, दोरीला.
जावई मागतो, म्हणाली, देत नाही.

निधी कुणाचा, असं मी सवयीने विचारलं.
तिने चष्म्यावरून पाहिलं नुसतं.

निघताना म्हणाली,
तीन दिवस पाणी प्यायलात. तीन सोम.
माझ्याकडे सुटे नव्हते.
तिने वहीत माझं नाव घातलं, एर्मेकच्या जागी एर्केम,
आणि पुढच्या रकान्यात
'बाकी.'